शोगीचा निकाल कसा वाचायचा: सहा किताब, दोन किताब आणि नावाआधीचा आकडा

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी जपानच्या यामानाशी प्रांतात, कोफू शहरात, शोगीपटू ताकुमी इतोने सोता फुजिईला हरवलं आणि त्याच्याकडून 'ओझा' हा किताब काढून घेतला. पाच डावांची लढत होती, निकाल ३-२. तीन डाव झाले तेव्हा फुजिई २-१ असा पुढे होता. उरलेले दोन्ही डाव इतोने घेतले. त्याआधी जून २०२४ मध्ये त्याने फुजिईकडूनच 'एइओ' किताब जिंकला होता, तोही ३-२ असाच. म्हणजे व्यावसायिक शोगीत जे आठ मोठे किताब आहेत, त्यांतले सहा तेव्हा फुजिईकडे आणि दोन इतोकडे राहिले. २०२५ साल संपलं ते याच हिशेबावर.

शोगीला आपण जपानी बुद्धिबळ म्हणतो. बुद्धिबळाची सवय असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग रेटिंग किती? क्रमांक कितवा? इथेच गोंधळ सुरू होतो. शोगीत कोण कोणाशी खेळणार हे ठरवणारी एकच एक रेटिंग यादी नाही. आठ किताब म्हणजे आठ वेगवेगळ्या स्पर्धा. प्रत्येकीचे नियम निराळे, वेळ निराळी आणि वर चढायची शिडीही निराळी. 'अमुक जिंकला' एवढ्या ओळीवरून काहीच कळत नाही. तो कुठल्या शिडीवर जिंकला आणि त्या वेळी कितव्या पायरीवर उभा होता, हे पाहावं लागतं.

आठ स्पर्धा का, याचं उत्तर वर्तमानपत्रांत आहे. जपानमधली मोठी दैनिकं कित्येक दशकं शोगीचे डाव रोज थोडे थोडे, टीकेसह छापत आली. डाव छापायचा हक्क हवा म्हणून त्यांनी स्पर्धांना पैसे दिले. योमिउरीची स्पर्धा र्‍यूओ, असाही आणि माइनिची मिळून मेइजिन, निक्केईची ओझा, सांकेईची किसेई, क्योदो वृत्तसंस्थेची किओ. ओई आणि ओशो यांच्या मागेही वृत्तपत्रंच. एइओ हा सर्वांत नवा, २०१७ साली किताबाचा दर्जा मिळालेला. त्याची आजची मुख्य पुरस्कर्ती फुजिया ही मिठाई कंपनी आहे. प्रत्येक पुरस्कर्त्याला आपली स्पर्धा वेगळी दिसायला हवी होती, म्हणून आठही साच्यांत फरक राहिला.

निकालाच्या तक्त्याकडे वळण्याआधी खेळाविषयी थोडं सांगायला हवं, कारण तक्ता तसा का दिसतो ते खेळातच आहे. पट ९ बाय ९ घरांचा, प्रत्येकाकडे २० सोंगट्या. मारलेली सोंगटी पटाबाहेर मरून पडत नाही. ती मारणाऱ्याच्या हातात येते आणि पुढे कुठल्याही खेळीला तो ती आपली म्हणून रिकाम्या घरात उतरवू शकतो. बुद्धिबळात डाव जसजसा पुढे जातो तसतसा पट रिकामा होतो आणि अनेकदा दोघं हात मिळवून बरोबरी मान्य करतात. शोगीत पट रिकामा होतच नाही. शेवटाकडे डाव अधिकच पेटतो आणि कोणाचा तरी राजा अडकतोच. त्यामुळे बरोबरी फार क्वचित. तीच स्थिती चार वेळा आली, तर तो डाव रद्द होतो आणि पहिली खेळी करण्याचा हक्क आलटून नवा डाव मांडतात. शोगीच्या तक्त्यात अर्धा गुण नसतो. विजय आणि पराभव, एवढेच दोन रकाने.

खरी बरोबरी होते ती एका दुर्मीळ प्रकारात. दोघांचेही राजे एकमेकांच्या प्रदेशात शिरून सुरक्षित बसले आणि कोणालाच मात करता येईना, की सोंगट्यांचे गुण मोजतात. हत्ती आणि उंटासारख्या मोठ्या सोंगट्यांना प्रत्येकी ५, राजा सोडून बाकी प्रत्येकीला १. दोघांकडे किमान २४ गुण भरले तर डाव बरोबरीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये किओ किताबाच्या लढतीत पहिल्याच डावात असं घडलं, फुजिई आणि इतो यांच्यातच. तेव्हा इतोने अधिकृत सामन्यांत फुजिईला एकदाही हरवलेलं नव्हतं. त्याने राजाला सरळ पुढे काढलं आणि जिंकण्याचा हट्ट न धरता २४ गुणांचा किल्ला बांधला. फुजिईलाही तो फोडता आला नाही. ती लढत पुढे इतो ०-३ अशी हरला. अंकांत पाहिलं तर सपशेल पराभव. पण पुढच्या चार महिन्यांत त्याने जे केलं त्याची चाहूल मला त्या डावात दिसते. फुजिईसमोर उभं राहायची एक रीत त्याला सापडली होती.

आता सर्वांत जुन्या किताबाची, मेइजिनची शिडी. माझ्या मते शोगी समजून घ्यायची तर हिच्यापासूनच सुरुवात करावी. व्यावसायिक खेळाडूंचे पाच वर्ग केलेले आहेत: वरून खाली अ, ब-१, ब-२, क-१, क-२. नवा खेळाडू क-२ मध्ये दाखल होतो. वर्षभर लीग चालते. वरचे काही जण एक वर्ग चढतात, खालचे काही घसरतात. अ वर्गात दहा खेळाडू असतात, प्रत्येक जण इतर नऊ जणांशी खेळतो आणि जो पहिला येतो तो मेइजिनला आव्हान देतो. वर्षाला एकच पायरी, म्हणून कितीही प्रतिभा असली तरी क-२ मधून मेइजिनपदाच्या लढतीपर्यंत पोचायला किमान पाच वर्षं लागतात. घाई करायची सोयच नाही.

या तक्त्यात नावाच्या आधी एक छोटा आकडा असतो, आणि अनुभवी वाचकाची नजर आधी तिकडे जाते. तो आकडा म्हणजे त्या वर्गातला मानांकन क्रमांक. मागच्या हंगामात तुम्ही कसे खेळलात यावरून तो ठरतो. नुकताच वर चढून आलेला खेळाडू अर्थातच यादीच्या तळाशी. खालच्या चार वर्गांत दोघांचे विजय सारखे झाले, तर त्यांच्यात पुन्हा सामना होत नाही. ज्याचा क्रमांक वरचा, तो चढतो. दुसरा तिथेच राहतो.

हा नियम काय करू शकतो ते २०१८-१९ च्या क-१ मध्ये दिसलं. फुजिई तेव्हा सोळा वर्षांचा, त्या वर्गात नवा, म्हणून मानांकनात खाली. दहा डावांपैकी नऊ जिंकला. एकच हरला, सेइया कोंदोशी. कोंदोचेही नऊ विजय. आणखी दोघांचेही नऊ. चार जण ९-१ वर, आणि वर जायच्या जागा त्या काळी दोनच. एक जागा कोंदोला मिळाली. दुसरी मिळाली मासाताका सुगिमोतोंना. सुगिमोतो हे फुजिईचे गुरू. पन्नाशी गाठलेला गुरू वरच्या वर्गात गेला आणि त्याच गुणांवरचा शिष्य, ज्याच्याविषयी सारा देश बोलत होता, तो मागे राहिला. पुढच्या हंगामात फुजिईने दहाच्या दहा डाव जिंकून ती पायरी चढली.

ते एक वर्ष किती मोलाचं होतं ते नंतरच्या आकड्यांत दिसतं. फुजिई मेइजिन झाला १ जून २०२३ रोजी, वयाच्या २० वर्षं १० महिन्यांत. सर्वांत तरुण मेइजिनचा आधीचा विक्रम कोजी तानिगावा यांचा, १९८३ मधला, २१ वर्षं २ महिन्यांचा. विक्रम मोडला, पण जेमतेम काही महिन्यांच्या फरकाने. क-१ मध्ये आणखी एकदा ९-१ वर अडकला असता तर तो मोडलाच नसता.

अ वर्गात पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर मात्र आणखी सामने खेळवतात, आणि तिथेही तो छोटा आकडा काम करतो. २०१८ साली सहा जण बरोबरीत आले. मानांकनात सर्वांत खालच्या दोघांनी आधी खेळायचं, जिंकणाऱ्याने त्याच्या वरच्याशी, मग त्याच्या वरच्याशी, अशी चढण. मासायुकी तोयोशिमा तळापासून निघाला, ओळीने तीन डाव जिंकला आणि चौथ्यात योशिहारू हाबु यांच्यासमोर थांबला. हाबु आधीपासून वरच्या पायरीवर बसलेले. त्यांना दोन डाव पुरले आणि मेइजिनचे आव्हानवीर तेच ठरले.

हाबुंविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये, किताब सातच होते तेव्हा, त्यांनी सातही एकाच वेळी आपल्याकडे ठेवले. कारकिर्दीत एकूण ९९ किताब जिंकले आणि शंभराव्यासाठी ते २०२३ साली ओशो लढतीत फुजिईसमोर बसले. २-४ असे हरले, पण पन्नाशी ओलांडल्यावर घेतलेले ते दोन विजय मला अनेक किताबांहून मोठे वाटतात.

मानांकनाचा नियम सर्वांत कठोर होतो तो व्यावसायिक होण्याच्या उंबरठ्यावर. जपान शोगी संघटनेच्या 'शोरेइकाई' या प्रशिक्षण संस्थेत मुलं शाळकरी वयात दाखल होतात. तिथली शेवटची पायरी म्हणजे तिसऱ्या दानची लीग ('दान' म्हणजे खेळाडूच्या दर्जाची पायरी). सहा महिन्यांचा एक हंगाम, प्रत्येकाला १८ डाव, आणि पहिल्या दोघांना चौथा दान, म्हणजेच व्यावसायिक दर्जा. वर्षाला चार जण. २६ व्या वर्षापर्यंत जमलं नाही तर साधारणपणे संस्था सोडावी लागते. विद्यापीठात जायच्या वयापासून किंवा त्याही आधीपासून दुसरं काहीच न केलेल्या मुलांसाठी हा निर्णय काय असतो, याची कल्पना करणंही अवघड आहे.

मार्च २०२० मध्ये या लीगमध्ये तोमोका निशियामा १४-४ वर संपली. दुसऱ्या जागेवरच्या खेळाडूचेही १४-४. त्याचं मानांकन वरचं, म्हणून तो व्यावसायिक झाला आणि निशियामा तिसरी. व्यावसायिक दर्जा आजवर एकाही स्त्रीला मिळालेला नाही. महिलांसाठी स्वतंत्र व्यावसायिक गट आहे, त्यांचे आठ वेगळे किताब आहेत, पण खुल्या गटाचं दार हेच. ते त्या दिवशी मागच्या हंगामाच्या एका आकड्याने बंद झालं. पुढच्या वर्षी तिने संस्था सोडली. मग खुल्या स्पर्धांमध्ये पुरुष व्यावसायिकांना हरवून तिने प्रवेश परीक्षेचा हक्क मिळवला. नव्या व्यावसायिकांशी पाच डाव, तीन जिंकायचे. २-२ अशी बरोबरी झाल्यावर २२ जानेवारी २०२५ रोजी शेवटचा डाव ती हरली.

नियम अन्यायाचा आहे का? माझं मत विचाराल तर लीगच्या मधल्या वर्गांत तो चालून जातो. तिथे पुढचं वर्ष असतं. जिथे वयाची अट आहे आणि जागा दोनच आहेत, तिथे सारखे विजय मिळवणाऱ्या दोघांनी पटावर समोरासमोर बसायला हवं. एक डाव खेळवायला एक दिवस लागतो. जून २०२५ मध्ये संघटनेने एक वेगळी वाट उघडली: महिलांचा 'हाकुरेई' किताब पाच वेळा जिंकणारीला व्यावसायिक दर्जाचा हक्क. त्याच महिन्यात इचियो शिमिझु संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री.

मेइजिनच्या अगदी उलटी शिडी र्‍यूओची. इथेही गट आहेत, सहा, पण प्रत्येक गटातून किमान एक जण त्याच वर्षी अंतिम बाद फेरीत जातो. सर्वांत खालच्या सहाव्या गटात नवखे व्यावसायिक, काही महिला खेळाडू आणि निवडक हौशी खेळाडूही खेळतात. तिथून सुरुवात करून एका वर्षात र्‍यूओ होणं कागदावर तरी शक्य आहे. किताबाचं इनामही भलं मोठं; २०२१ मध्ये फुजिईने तो पहिल्यांदा जिंकला तेव्हा ४ कोटी ४० लाख येन होतं.

फुजिईची पहिली गोष्ट याच शिडीवर घडली. १४ वर्षांचा असताना, २४ डिसेंबर २०१६ रोजी, तो पहिला व्यावसायिक डाव ७६ वर्षांच्या हिफुमी कातो यांच्याशी खेळला आणि जिंकला. मग हरलाच नाही. २६ जून २०१७ रोजी र्‍यूओच्या अंतिम बाद फेरीतल्या डावात सलग २९ वा विजय मिळवून त्याने १९८७ पासूनचा २८ विजयांचा विक्रम मोडला. २ जुलैला युकी सासाकीने ही मालिका थांबवली. हाच सासाकी २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं र्‍यूओचा आव्हानवीर होता. पहिल्यांदा २-४, दुसऱ्यांदा ०-४. २०२५ च्या विजयाने फुजिईचं सलग पाचवं र्‍यूओपद पूर्ण झालं आणि 'शाश्वत र्‍यूओ' हा आजीव सन्मान त्याला लागू झाला.

किताबधारकाचे आकडे वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. तो आपल्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळत नाही. आव्हानवीर ठरेपर्यंत वाट पाहतो. म्हणून ज्याच्याकडे किताब जास्त, त्याला सोपे प्रतिस्पर्धी जवळजवळ मिळतच नाहीत. समोर येतो तो कुठली तरी शिडी चढून आलेला माणूस. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या हंगामात फुजिईचा हिशेब ४६ विजय, ८ पराभव असा होता, म्हणजे ८५ टक्क्यांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग किताबांच्या लढतींमधला. त्याच काळात, ११ ऑक्टोबर २०२३ रोजी, ताकुया नागासेकडून ओझा जिंकून त्याने आठही किताब गोळा केले. असं करणारा तो पहिला. ही स्थिती २५४ दिवस टिकली.

ती मोडणारा इतो फुजिईपेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे. जानेवारी २०१२ मध्ये शालेय मुलांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत दोघं तिसरीत असताना उपांत्य फेरीत भेटले. इतो जिंकला आणि फुजिई मोठ्याने रडला, ही आठवण जपानमध्ये प्रत्येक शोगीप्रेमी सांगतो. २०२४ साली इतोने एइओ जिंकला तेव्हा मेइजिनच्या शिडीवर तो कुठे होता? ब-२ मध्ये. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला किताबाच्या लढतीत हरवलेला माणूस मेइजिनच्या लढतीपासून अजून तीन पायऱ्या खाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या, कारण शिड्या दोन.

इतोकडचे दोन किताब कोणते, हेही बघण्यासारखं आहे. मेइजिन, र्‍यूओ, ओई, ओशो या सात डावांच्या लढती. प्रत्येक डाव दोन दिवस चालतो. मेइजिनमध्ये प्रत्येकाला नऊ तास, बाकी तिघांत आठ. पहिल्या दिवसाअखेर एक जण आपली पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करतो, ती दुसऱ्या सकाळी उघडतात. किसेई, किओ, ओझा आणि एइओ पाच डावांचे आणि एका दिवसात संपणारे. यातही एक बारीक फरक आहे. किसेई आणि किओमध्ये जुनी पद्धत: एका खेळीला एक मिनिट पुरं झालं नाही, तर तो वेळ मोजतच नाहीत. ५९ सेकंदांत केलेल्या खेळीला वेळेचा खर्च शून्य. ओझा आणि एइओमध्ये बुद्धिबळासारखं घड्याळ, सेकंद न् सेकंद कापला जातो. वेळ संपली की प्रत्येक खेळीला एक मिनिट, बस. फुजिई डावाच्या मध्यावर लांबलचक विचार करणारा खेळाडू आहे, आणि त्याने गमावलेले दोन्ही किताब याच घड्याळाचे आहेत. एवढ्यावरून घड्याळाने किताब घेतले म्हणणं इतोवर अन्याय होईल. शेवटच्या मिनिटांत अचूक खेळणं हे कौशल्यच आहे, आणि ते त्याने दोन वेगवेगळ्या वर्षी पाचव्या डावात दाखवलं.

दोन दिवसांच्या लढतीत मात्र २०२५ अखेरपर्यंत इतोने फुजिईला हरवलेलं नव्हतं. २०२३ च्या र्‍यूओमध्ये तो ०-४ असा हरला होता. पुढे या दोघांची नावं एखाद्या निकालात एकत्र दिसली, तर आधी किताबाचं नाव वाचा, मग डाव किती दिवसांचा ते, आणि मगच आकडे.